एएनएम, जीएनएम की बी.एस्सी. नर्सिंग? घरचे ‘नको’ म्हणत असताना कोर्स ठरवण्याचा क्रम

बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत मला फोन यायला लागतात. “ताई, २५ हजार भरलेत. आता कळलं की या कोर्सवर रजिस्ट्रेशनच मिळत नाही.” किंवा, “बी.एस्सी. म्हणून सांगितलं होतं, पण पावतीवर वेगळंच काहीतरी लिहिलंय.” ही मुलं हुशार असतात, त्यांचा क्रम तेवढा चुकलेला असतो. आधी चार माणसांना विचारतात, ती माणसं घाबरवतात. मग घाबरून, जे पहिलं कॉलेज ‘सीट आहे’ म्हणेल तिथं पैसे भरतात. आपण कशाला पात्र आहोत आणि कॉलेजला मान्यता आहे का, हे बघायची वेळ त्यानंतर येते.

मी स्वतः जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, वॉर्डात आठ वर्षं काढली, मग पोस्ट बेसिक म्हणजे डिप्लोमानंतरची पदवी केली. आता कोल्हापुरातच शिकवते. खाली दिलेला क्रम मोडू नका. लोकांचं मत मी मुद्दाम सहाव्या पायरीवर ठेवलंय. तिथपर्यंत पोहोचाल तेव्हा तुमच्या हातात कागद असतील, आणि कागद हातात असले की घरातल्या बोलण्याचा सूर बदलतो.

## सुरू करण्याआधी: एक वही आणि आठ दिवस गप्प

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर दहावी-बारावीचे मार्क विषयवार लिहा. दुसऱ्या पानावर घरचं वार्षिक उत्पन्न, तहसीलदारांच्या दाखल्यावर येतं तेवढंच. तिसरं पान कोरं ठेवा, ते सहाव्या पायरीला लागेल.

मग आठ दिवस नर्सिंगबद्दल नातेवाइकांकडे विषय काढू नका. आपली माहिती अर्धवट असताना विषय काढला की त्यांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला आपण अडखळतो, आणि ‘तिलाच काय कळत नाही’ हे घरात कायमचं ठरून जातं.

कागदपत्रांचं काम मात्र आजच सुरू करा. अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला आणि लागू असेल त्यांना नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस. यात सगळ्यात जास्त वेळ जात पडताळणीला लागतो. विज्ञान शाखेत असाल तर अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. निकालानंतर धावाधाव करणाऱ्या मुलींच्या हातात चांगले मार्क असतात आणि सीट गेलेली असते.

तपासा: दहावीच्या मार्कलिस्टवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर नाव अक्षरशः एकच आहे का? वडिलांच्या नावात एकीकडे ‘राव’ आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अर्ज अडतो.

## पायरी १: कोणती दारं उघडी आहेत ते बघा

बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा कोर्स. बारावी विज्ञान हवं, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी पास. खुल्या गटाला पीसीबी मिळून ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वयाची १७ पूर्ण हवीत. महाराष्ट्रात यासाठी सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. तिच्यात पीसीबीबरोबर इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही येतात. इंग्रजीकडे दुर्लक्ष करून तिथं मार्क घालवणारी मुलं मी दरवर्षी बघते.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा डिप्लोमा. विज्ञानाला प्राधान्य असलं तरी बारावी कोणत्याही शाखेची चालते. ४० टक्के हवेत आणि इंग्रजी पास हवं. पूर्वी हा साडेतीन वर्षांचा होता, म्हणून जुन्या सिस्टरांना विचारलं तर आकडा वेगळा ऐकायला मिळतो.

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, बारावीनंतरचा आणि फक्त मुलींसाठी. गावाच्या आरोग्य उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि घरभेटी करणारी आरोग्यसेविका या वाटेनं येते. नोंदणी झालेल्या एएनएमला पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. बारावीनंतर थेट मिळत नाही. जीएनएम पूर्ण करून परिषदेत (नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या परिचर्या परिषदेत) नोंदणी झाल्यावर दोन वर्षं करायचा.

एक चूक अकरावीतच होते. इंजिनिअरिंगही उघडं राहावं म्हणून बायोलॉजी सोडून आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतात, आणि बारावीनंतर मन बदलतं. बायोलॉजी नसेल तर बी.एस्सी. नर्सिंगचं दार बंद, मग मार्क ८५ टक्के असले तरी. अशा वेळी जीएनएमचं दार उघडंच असतं, पण हे माहीत नसल्यानं वर्ष वाया घालवून पुन्हा बारावीला बसणारेही आहेत.

सावध: सहा महिन्यांचा, वर्षाचा, ‘दहावी पासवर नर्सिंग’ असा कोणताही कोर्स तुम्हाला नोंदणीकृत परिचारिका करत नाही. रुग्णसेवा सहायकाचं काम प्रामाणिक आहे आणि त्याची गरजही आहे. पण त्यावरून परिषदेत नाव लागत नाही, अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) जागेला अर्ज करता येत नाही आणि पुढच्या पदवीला तो धरला जात नाही. बोर्डवर ‘नर्सिंग’ लिहिलंय म्हणून आत जाऊ नका.

## पायरी २: दहा वर्षांनी कुठे उभं राहायचंय, तिथून मागे या

‘बी.एस्सी. चांगलं की जीएनएम?’ हा प्रश्न असा मोकळा विचारला तर त्याला उत्तर नाही. कशासाठी, ते आधी सांगावं लागतं.

वॉर्डात उभं राहिलं तर दोघींची नोंदणी एकाच प्रकारची असते: परिचारिका आणि प्रसविका. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेच्या भरतीत दोघींना अर्ज करता येतो. रुग्णाच्या सलाईनला पदवी कळत नाही. फरक पडतो तो पुढे दिलेल्या ठिकाणी.

एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी झाल्या झाल्या बसू शकते. जीएनएमवाल्यांना त्याआधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे, त्यामुळे हा दोन वर्षांचा हिशोब वहीत मांडा.

शिकवायचं असेल तर एम.एस्सी. नर्सिंग लागणार. त्यासाठी बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के हवेत. ‘पास झालो, बास’ म्हणणाऱ्यांना हा आकडा चार वर्षांनी आडवा येतो.

सैन्यातली नर्सिंग सेवा डोक्यात असेल तर वाट अगदी वेगळी आहे. पुण्याच्या एएफएमसीसह सैन्याच्या सहा कॉलेजांत बी.एस्सी. नर्सिंग होतं. ते फक्त अविवाहित मुलींसाठी आहे आणि त्याला ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राज्याची सीईटी तिथं चालत नाही. बारावीच्या वर्षी नीटचा फॉर्म भरला नाही तर ही संधी त्या वर्षापुरती गेली. फॉर्म भरून ठेवा, मग विचार करा.

परदेशाचं थोडक्यात सांगते. अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा, ब्रिटनसाठी संगणकावरची परीक्षा आणि नंतर प्रात्यक्षिक परीक्षा, जर्मनीसाठी बी-२ पातळीचं जर्मन. यात भाषेचा अभ्यास सगळ्यात जास्त दमवतो, म्हणून तो शेवटच्या वर्षाची वाट न बघता सुरू करावा.

आता माझं मत, कारण तुम्ही ते विचारणारच. बायोलॉजी आहे, मार्क आहेत, आणि कॅप फेरीतून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) परवडणारी सीट मिळतेय, तर बी.एस्सी. घ्या. पण सरकारी जीएनएमची सीट हातात असताना घर गहाण ठेवून कुठल्याही खासगी कॉलेजात बी.एस्सी.ला जायला मी सांगणार नाही. सरकारी रुग्णालयात तीन वर्षांत हात जेवढा बसतो तेवढा रिकाम्या खाटांच्या कॉलेजात चार वर्षांतही बसत नाही. जीएनएमची तीन आणि पोस्ट बेसिकची दोन मिळून पाच वर्षं होतात, म्हणजे थेट पदवीपेक्षा एक जास्त. मध्ये काही वर्षं पगार मिळवता येतो हा त्यातला आधार. पोस्ट बेसिकच्या काळात मात्र बहुतेकींना नोकरी सोडावी लागते, हा त्यातला खड्डा. मी त्या खड्ड्यातून गेले आहे. त्या दोन वर्षांसाठी आधीच पैसे बाजूला टाकावे लागतात.

तपासा: वहीत एक वाक्य लिहा, ‘मला अमुक ठिकाणी काम करायचंय, त्याला तमुक पात्रता लागते.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, तिसरी पायरी करून परत इथं या.

## पायरी ३: वॉर्ड डोळ्यांनी बघा

सीपीआरला म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात सकाळी आठला जा. ओळखीच्या कुणाला भेटायला जाणं झालं तर फार बरं. नसेल तर बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर दोन तास बसा. चंदगड, गगनबावडा, कोकण, सीमाभाग, सगळीकडून माणसं येतात. सिस्टर काय काय करतात ते वहीत लिहा. चालणं किती, लिहिणं किती, नातेवाइकांशी बोलणं किती. शक्य झालं तर दुसऱ्या दिवशी एखाद्या खासगी रुग्णालयातही असंच बसा. दोन्हीकडचं काम वेगळं दिसेल.

फोटो काढू नका, व्हिडिओ काढू नका, रुग्णाशी नको ते प्रश्न करू नका. या कामाचा पहिला धडा तिथूनच सुरू होतो.

मग दोन सिस्टरांशी बोला, एक नोकरीला दोन-तीन वर्षं झालेली आणि एक पंधरा वर्षं झालेली. ड्यूटी संपल्यावर बोला, औषधांच्या फेरीच्या वेळी नको. ‘हे फील्ड कसं आहे?’ असं विचारलं तर त्या दिवशीची दमणूक ऐकायला मिळते. त्याऐवजी विचारा: रात्रपाळीत तुमच्याकडे किती पेशंट असतात? महिन्यात किती रात्री? पगार कोणत्या तारखेला जमा होतो? नेमणूक कायम की करारावर? तुम्ही जीएनएम की बी.एस्सी., आणि त्यामुळे कुठे अडलं?

रक्ताची, वासाची भीती वाटते म्हणून मागे फिरू नका. पहिलं मोठं ड्रेसिंग बघताना मला मळमळलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ते गेलं. माणसाचं दुखणं ऐकून घ्यायचाच कंटाळा येत असेल तर मात्र थांबा. तो तिसऱ्या आठवड्यात जात नाही.

## पायरी ४: मान्यता, कोर्सनिहाय आणि वर्षनिहाय

सगळ्यात जास्त पैसे इथं बुडतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

‘कॉलेजला मान्यता आहे’ हे वाक्य अपुरं आहे. कुणाची, कोणत्या कोर्सची, किती जागांची आणि कोणत्या वर्षासाठी, ही चारही उत्तरं हवीत. एकाच आवारात जीएनएमला मान्यता असते आणि बी.एस्सी. ‘प्रक्रियेत’ असतं. ‘प्रक्रियेत’ हा शब्द ऐकला की पाकीट खिशातच ठेवा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार याद्या असतात. त्यात कॉलेजचं नाव, कोर्स आणि जागा दिलेल्या असतात. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची यादी बघा, कारण शेवटी तुमचं नाव तिथंच लागणार आहे. तिसरी तपासणी परीक्षा कोण घेतं याची. बी.एस्सी.ची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, किंवा कॉलेज अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं असेल तर ते विद्यापीठ. जीएनएम आणि एएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

आपल्याकडे पालक हमखास विचारतात, “शिवाजी विद्यापीठाचं आहे का?” साधी बी.एस्सी. तिथली असते, म्हणून हा प्रश्न. नर्सिंगची पदवी शिवाजी विद्यापीठाची नसते. कुणी तसं सांगत असेल तर त्याला माहिती नाही किंवा तो तुम्हाला फसवतोय.

मग रुग्णालय बघा. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण पाळायचं असतं. प्रवेशाच्या कार्यालयात चहा घेऊन परत येऊ नका. सकाळी अकराच्या सुमारास वॉर्डाच्या बाजूनं चालत जा आणि भरलेल्या खाटा मोजा. साठ विद्यार्थिनींची तुकडी आणि वीस भरलेल्या खाटा असं दिसलं तर त्या मुली इंजेक्शन द्यायला रबराच्या हातावरच शिकणार.

शेवटची चाचणी सगळ्यात खरी असते. मागच्या तुकडीतल्या दोन मुलींशी कॉलेजच्या फाटकाबाहेर बोला. निकालानंतर किती महिन्यांत परिषदेचं रजिस्ट्रेशन हातात आलं? मूळ कागद परत मिळाले का? या दोन प्रश्नांवर त्यांचा चेहरा काय सांगतो तेही बघा.

माझ्या मैत्रिणीचे मूळ दाखले एका संस्थेनं कोर्स संपल्यावर सात महिने अडकवून ठेवले. तिथंच नोकरी कर, म्हणून. तोपर्यंत सरकारी भरतीचा अर्ज भरायची मुदत गेली. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, मूळ कागद देताना यादी करून, सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि प्रत्येक कागदाच्या चार साक्षांकित प्रती घरी ठेवा. नोकरीच्या अटीच्या कागदावर सही मागितली तर तो कागद घरी आणून वाचा.

सावध, सीमेपलीकडची सीट: मे-जूनमध्ये कर्नाटकातल्या कॉलेजांचे एजंट कोल्हापूर, निपाणी, इचलकरंजी भागात फिरतात. तिथली सगळी कॉलेजं वाईट नाहीत, काही उत्तम आहेत. पण मान्यता वरच्याच पद्धतीनं तपासा आणि तिथल्या राज्य परिषदेचीही यादी बघा. पुढे नोंदणी महाराष्ट्रात आणायचं काम वाढतं आणि आपल्या राज्याची फी सवलत तिथं मिळेल असं धरू नका. ‘यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असं कुणी म्हटलं तर तिथूनच उठा. नर्सिंगला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक विभागातलं प्रात्यक्षिक १०० टक्के पूर्ण करावं लागतं.

## पायरी ५: पैसा, वर्षाचा नव्हे, पूर्ण कोर्सचा

कार्यालयात सांगतात ती एका वर्षाची ट्यूशन फी. तुम्ही लिहून घ्यायचं ते सगळं: वसतिगृह, मेस, गणवेश, परीक्षा, विद्यापीठाची पात्रता फी, बाहेरच्या पोस्टिंगला (दुसऱ्या रुग्णालयातल्या प्रात्यक्षिकाला) जायचा बसखर्च. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या संकेतस्थळावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा शेजारी ठेवा.

मुलींसाठी महत्त्वाचं: जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला किंवा खासगी अभिमत विद्यापीठाला हे लागू नाही. ‘फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा’ असं सांगणारा माणूस तुमची ही सवलत घालवतोय. त्याचं नुकसान काहीच नाही, तुमचं चार वर्षांच्या फीइतकं आहे. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर दरवर्षी करायचा असतो. पहिल्या वर्षी केला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप होत नाही.

कर्ज काढायचंच असेल तर तिसऱ्या पायरीत विचारलेला नव्या सिस्टरचा खरा पगार घ्या आणि त्याचे तीन भाग करा. महिन्याचा हप्ता एका भागापेक्षा जास्त होत असेल तर ते कॉलेज तुमच्यासाठी नाही. हा माझा नियम आहे, बँक तुम्हाला यापेक्षा जास्त कर्ज आनंदानं देईल.

## पायरी ६: आता माणसं

वहीचं तिसरं पान उघडा. उभे दोन रकाने करा. डावीकडे माणसं काय म्हणाली ते, त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे त्या बोलण्यात दडलेला प्रश्न. ज्यात प्रश्न सापडत नाही ते वाक्य खोडून टाका, त्याला उत्तर द्यायचं नाही.

“लोकांचं हागणं-मुतणं काढणार व्हय?” आत्या म्हणते. आधी ‘हो’ म्हणा. ‘नाही, हल्ली तसं नसतं’ असं खोटं सांगू नका. रुग्णाला स्वच्छ करताना सिस्टर त्याच्या पाठीवर जखम व्हायला लागलीय का ते बघते. लघवी मोजली नाही तर किडनी काम करतेय की नाही ते कळत नाही. हे कळणं म्हणजेच शिक्षण. एवढं शांतपणे सांगता आलं तर पुरे.

“रात्रपाळ्या करणाऱ्या पोरीला कोण करून घेणार?” यात दडलेला प्रश्न बहुतेक वेळा सुरक्षिततेचा असतो. वडिलांना वसतिगृह दाखवा, वॉर्डनशी गाठ घालून द्या, महिन्यात किती रात्री आणि त्या रात्री ये-जा कशी, ते कागदावर दाखवा. लग्नाच्या भागाला आज उत्तर देऊ नका. आज ठरतोय तो कोर्स.

“डॉक्टर व्हायला जमलं नाही म्हणून हे.” यात प्रश्न नाही. खोडा.

“एवढे मार्क आहेत, इंजिनिअरिंग घे की.” सर सांगतात, काळजीनं सांगतात. प्रश्न असा की मार्कांच्या मानानं कमी वाटणारी वाट घाईत निवडली जातेय का? दुसऱ्या पायरीतलं वाक्य त्यांना दाखवा. माझा अनुभव असा की लिहिलेलं वाक्य बघितल्यावर शिक्षक लगेच मदतीला लागतात.

“जीएनएम बंद होणार आहे.” ही चर्चा मी शिकत होते तेव्हापासून ऐकतेय. प्रश्न एवढाच: यंदा या कॉलेजला या कोर्सची मान्यता आहे का? उत्तर चौथ्या पायरीत मिळालेलं आहे. झालेली नोंदणी कोर्सच्या चर्चेनं पुसली जात नाही.

“बायकांचं काम तू कशाला करतोस?” हे मुलांना ऐकावं लागतं. यातला टोमणा सोडा, पण त्यामागची एक गोष्ट खरी आहे आणि ती माहीत असू द्या. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत, सैन्याचा बी.एस्सी. कोर्स मुलींचाच आहे. तरीही अतिदक्षता, अपघात विभाग, डायलिसिस, मानसिक आरोग्य, इथं मुलांना काम आहे. हे डोळ्यांसमोर ठेवून या, नंतर कळून हिरमुसू नका.

राहिली ती सिस्टर, जी स्वतः पंधरा वर्षं ड्यूटी करून म्हणते, “बाई, या फील्डला येऊ नकोस.” हिचं बोलणं सगळ्यात गंभीरपणे घ्या. ती टोमणा मारत नाही, तिच्या पायाला सूज असते आणि रात्री चाळीस पेशंटांमागे ती एकटी असते. तिला विचारा, नेमकं काय बदललं असतं तर तुम्ही ‘ये’ म्हणाला असता? कुणी करारावरची नोकरी सांगते, कुणी पदवी न केल्याचं, कुणी रुग्णालय चुकीचं निवडल्याचं. तिच्या उत्तरातून तुमच्या कोर्सची निवड सुधारते. काही वेळा ती ज्या गोष्टीला त्रासलीय ती तुम्हाला टाळता येते. काही वेळा नाही येत, तेही लिहून ठेवा.

आता घरात बोलायची पद्धत. सगळे जमलेले असताना, पाहुणे असताना, सणाच्या दिवशी विषय काढू नका. निर्णय ज्याच्या हातात आहे त्या एकाच माणसाशी बोला. गेल्या वर्षी राधानगरीकडची एक मुलगी तीन कागद घेऊन आजोबांपुढे बसली: कोर्सचं पान, मान्यतेची प्रत, पैशांचा हिशोब.

“आबा, तुमची शंका सांगा. मी लिहून घेतो, आठ दिवसांत उत्तर आणतो,” ती आपल्या कोल्हापुरी ढंगात म्हणाली.

आबांनी अर्धा तास काही विचारलं नाही. मग म्हणाले, “हॉस्टेलात जेवायचं काय?”

तिनं उत्तर आणलं, आणि त्या घरात पुढचं बोलणं मेसवर सुरू झालं. नर्सिंगवर नाही.

सावध: घरच्यांना न सांगता फॉर्म भरू नका. उत्पन्नाचा दाखला, मूळ कागद, पहिली फी, सगळीकडे त्यांची सही आणि त्यांचा हात लागतो. लपवलेला फॉर्म प्रवेशाच्या दिवशीच उघडा पडतो, आणि तो दिवस भांडणात जातो. घरात मारहाणीची किंवा जबरदस्तीनं लग्न लावून देण्याची भीती असेल तर ही कागदांची पद्धत पुरणार नाही. आधी कॉलेजमधल्या विश्वासातल्या बाईंना सांगा किंवा १०९८ला फोन करा. वय १८ पूर्ण असेल तर १८१ला.

## पायरी ७: फॉर्म आणि पसंतीक्रम

इथं थोडकंच सांगायचंय. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्यानं वाचली असं धरू नका. पासवर्ड आणि मोबाइल नंबर तुमचाच असू द्या. एजंटच्या नंबरवर ओटीपी जाणारे फॉर्म मी बघितलेत.

पसंतीक्रम लावताना ‘इथं मिळेल’ या हिशोबानं लावू नका, ‘इथं जायचंय’ या क्रमानं लावा. वरचं कॉलेज मिळालं नाही तर यादी आपोआप खाली सरकते, त्यात तुमचं काही जात नाही. पण चौथ्या पायरीत नापास झालेलं कॉलेज यादीत शेवटीही टाकू नका. मिळालं तर काय कराल?

पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून त्याच संध्याकाळी मॅनेजमेंट सीटला पैसे भरणारे पालक दरवर्षी असतात. पुढच्या फेऱ्यांचं वेळापत्रक आधी बघा. जीएनएमचा अर्ज वेगळा भरून ठेवलेला असेल तर वाट बघताना धीर राहतो.

## पायरी ८: प्रवेशानंतर जपायच्या गोष्टी

हजेरीचा हिशोब स्वतः ठेवा, महिन्याला एकदा. आजारपणात बुडलेली पोस्टिंग त्याच सत्रात भरून काढा. शेवटी साठवलेले दिवस भरताना मैत्रिणी नोकरीला लागलेल्या असतात आणि आपण अजून प्रसूती कक्षाचे दिवस मोजत असतो.

हेपॅटायटिस बी ची लस पहिल्या पोस्टिंगच्या आधी घ्या. तीन डोस असतात, सहा महिने लागतात, म्हणून प्रवेश झाला की त्याच आठवड्यात पहिला.

निकाल लागला की नोकरी शोधण्याआधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करा. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे तास लागतात, म्हणून प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र फाइलला लावत जा.

पहिली नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला घ्या. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या लिहिलेली हवी. जीएनएम असाल तर खाटांचा आकडा नसलेला दाखला एम्सच्या अर्जाला चालणार नाही, आणि दोन वर्षांनी तो बदलून मागायला गेलात तर सही करणारे साहेब बदललेले असतील. दाखला हातात आला की तिथंच, टेबलासमोर उभं राहून वाचा.